निरोगी माणसाची तपासणी

पहाटे साडेपाचच्या सुमारास तिरुवल्लिकेणीच्या गल्ल्यांतून कॉफीचा वास दरवळू लागतो. इंग्रजांनी ज्या वस्तीचे नाव ‘ट्रिप्लिकेन’ करून टाकले, तीच ही चेन्नईची जुनी वस्ती. मूळ तमिळ नावाचा अर्थ मोठा सुंदर आहे : कुमुदांचे पवित्र तळे. पार्थसारथीच्या देवळाकडे निघालेली मंडळी, ‘मॅन्शन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वसतिगृहांत राहणारे एकटे नोकरदार, वर्तमानपत्रे टाकणारी मुले, या सर्वांचा दिवस इथे फिल्टर कॉफीने उजाडतो. सरकारी बदलीच्या निमित्ताने या वस्तीत येऊन राहिल्यापासून माझाही दिवस तसाच उजाडू लागला आहे. म्हणूनच फेब्रुवारी महिन्यातील एका सकाळी मी आणि माझी पत्नी कॉफी न घेता जिना उतरू लागलो, तेव्हा खाली राहणाऱ्या घरमालकांना ते खटकल्यावाचून राहिले नाही. हे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले आहेत. इकडच्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना ‘मामा’ म्हणतो. आम्ही दोघे आरोग्य तपासणीला निघालो आहोत, असे कळताच त्यांनी विचारले, “कुणाला काय होत आहे?” काहीही होत नाही, असे मी सांगितले. “मग कशाला जाता?” मामा म्हणाले.

श्रोतेहो, मामांचा हा प्रश्न साधा दिसला तरी टाळण्याजोगा नाही. दुखणे आले की वैद्याकडे जावे, ही रीत आपल्या पिढ्यान् पिढ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. काही दुखत नसताना पैसे मोजून रक्त काढून घेणे, हे विकतचे श्राद्ध घेऊन सव्यापसव्य करण्यासारखे वाटते. याच्या उलट, माझ्या कार्यालयातील एक तरुण सहकारी दरवर्षी ऐंशी चाचण्यांची ‘संपूर्ण शरीर तपासणी’ करून घेतो आणि अहवालातील एखाद्या आकड्यापुढे तारका दिसली की आठवडाभर त्याला झोप येत नाही. एकाला तपासणी निरर्थक वाटते आणि दुसऱ्याला ती कवचकुंडलांसारखी वाटते. तपासणीकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये, याचा नीट उलगडा झाला तर दोघांचेही कल्याण होईल. तो उलगडा करण्याचा हा प्रयत्न आहे. मी वैद्य नाही. परंतु या विषयाकडे तटस्थपणे पाहणे मला शक्य नाही, त्याचे कारण पुढे ओघाने येईलच.

निरोगी दिसणाऱ्या माणसाने ठरावीक काळाने वैद्याकडून तपासून घ्यावे, ही कल्पना फार जुनी नाही. लंडनमधील होरेस डोबेल या वैद्याने १८६१ साली ती आग्रहाने मांडली. परंतु त्या काळी वैद्याजवळ पाहण्यासारखे होते तरी काय? नाडी, जीभ, लघवी आणि छातीला लावायची नळी. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची युक्ती इटलीतील रिव्हा-रॉची यांनी १८९६ साली काढली. पट्ट्याखाली नळी लावून ऐकू येणाऱ्या ठोक्यांवरून वरचा व खालचा असे दोन्ही दाब ओळखता येतात, हे रशियातील कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली दाखवून दिले. तेव्हापासून एक विलक्षण गोष्ट शक्य झाली. जो आजार रोग्याला स्वतःला मुळीच जाणवत नाही, तो दुसऱ्याला कळू लागला.

सगळ्या तपासणीचे मर्म याच एका गोष्टीत आहे. बहुतेक आजार आपल्या येण्याची वर्दी देतात. दाढ ठणकते, ताप चढतो, पोटात कळ येते. अशा आजारांसाठी वार्षिक तपासणीची वाट पाहावयाची नसते. तेव्हाच वैद्याकडे जावयाचे असते. परंतु काही आजार वर्षानुवर्षे घरात चोरपावलांनी वावरतात. वाढलेला रक्तदाब दुखत नाही. रक्तातील वाढलेली साखर प्रारंभीची कित्येक वर्षे दुखत नाही. काही कर्करोगांची पहिली अवस्था दुखत नाही. हे आजार ज्या दिवशी बोलू लागतात, त्या दिवशी ते अर्धांगवायूच्या, हृदयविकाराच्या, निकामी झालेल्या मूत्रपिंडाच्या भाषेत बोलतात. तपासणी करावयाची ती या अबोल आजारांसाठी.

मग अबोल असणारा प्रत्येक आजार शोधीत बसावे काय? जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली विल्सन व युंगनर या दोघांचा एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात याविषयी दहा कसोट्या दिल्या आहेत. त्यांचे सार थोडक्यात असे सांगता येईल : आजार महत्त्वाचा असावा, त्याला लक्षणे दिसण्यापूर्वीची ओळखता येण्याजोगी अवस्था असावी, ती ओळखणारी चाचणी भरवशाची व लोकांना मानवणारी असावी आणि आजार सापडल्यास त्यावर करण्यासारखे काहीतरी हाती असावे. साठ वर्षे होत आली, तरी या कसोट्या जुन्या झालेल्या नाहीत. माझ्या सहकाऱ्याच्या ऐंशी चाचण्या या कसोट्यांना लावल्या तर फारच थोड्या शिल्लक उरतील.

आता प्रत्यक्ष तपासणीच्या दिवसाकडे वळू. तिची तयारी आदल्या रात्रीपासून होते. रक्तातील साखर उपाशीपोटी पाहावयाची असल्याने आठ ते बारा तास काही खाऊ नये, असे सांगतात. पाणी पिण्यास हरकत नसते. उलट ते प्यावेच, म्हणजे शीर सापडण्यास सोपे जाते. कॉफी-चहा मात्र नको. त्यात साखर असते, आणि बिनसाखरेची कॉफीदेखील रक्तदाब थोडा चढविते. आदल्या दिवशी मद्यपान व अतिश्रम टाळावेत. रक्तदाबाची रोजची गोळी बहुधा नेहमीप्रमाणे घ्यावयाची असते. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन उपाशीपोटी घेतल्यास साखर एकदम उतरण्याचा धोका असतो, म्हणून त्याविषयी आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे. स्त्रियांनी मासिक पाळीचे दिवस सोडून तारीख घ्यावी आणि दिवस गेले असण्याचा संभव असल्यास क्ष-किरण छायाचित्रापूर्वी तसे स्पष्ट सांगावे. बरोबर तीन गोष्टी न्याव्यात : जुने अहवाल, चालू औषधांची यादी आणि आई-वडील व भावंडे यांना कोणकोणते आजार झाले, याची टाचणे. ही तिसरी वस्तू आणणारी माणसे क्वचितच आढळतात.

तिरुवल्लिकेणीच्या स्थानकावरून उन्नत मार्गाने जाणारी लोकलगाडी घेतली की चेपॉक, चिंतादरीपेट आणि मग पार्क टाउन. पार्क टाउनला उतरले की समोरच चेन्नईचे भव्य सरकारी रुग्णालय लागते. या रुग्णालयाची परंपरा १६६४ साली सेंट जॉर्ज किल्ल्यात सुरू झालेल्या इस्पितळापर्यंत जाते. आज ते राजीव गांधींच्या नावाने ओळखले जाते. तमिळनाडू सरकारने २०१६ साली तिथे निरोगी माणसांच्या तपासणीचा स्वतंत्र विभाग उघडला. त्या वेळी एक, दोन व तीन हजार रुपयांचे तीन प्रकार ठेवले होते. खासगी दरांशी तुलना करता ही रक्कम मध्यमवर्गाच्या आवाक्यातील होती. आम्ही गेलो ते रुग्णालय निराळे होते, पण सर्वत्र क्रम सामान्यतः सारखाच असतो. प्रथम नावनोंदणी, मग रक्त आणि लघवी. लघवी देताना सुरुवातीची धार सोडून मधली घ्यावयाची असते. त्यानंतर वजन, उंची आणि कमरेचा घेर. भारतीयांच्या बाबतीत पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे मानले जाते. वजनाच्या काट्यापेक्षा ही साधी फीत कित्येकदा अधिक खरे बोलते, कारण आपल्यातील पुष्कळांचे हातपाय काटकुळे आणि पोट मात्र सुटलेले असते.

रक्त दिल्यानंतर न्याहारी करण्यास सांगतात आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात. इथे एक गंमत पाहावयास मिळते. साखर कमी यावी म्हणून काही मंडळी त्या दिवशी अर्धी इडली खाऊन उठतात. परीक्षेत नक्कल करावी, तसाच हा प्रकार आहे. फसगत परीक्षकाची होत नाही, आपली होते. रोज जेवढे खाता तेवढेच खावे. शिवाय गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी ‘एचबीए१सी’ नावाची चाचणी असते. तिला एका सकाळच्या अर्ध्या इडलीने भुलविता येत नाही. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, अथवा ही सरासरी ६.५ टक्के किंवा अधिक आली आणि दुसऱ्या चाचणीनेही तेच सांगितले, तर मधुमेह झाला असे धरतात. उपाशीपोटीचा आकडा शंभर व १२५ यांच्या दरम्यान असेल, तर माणूस उंबरठ्यावर उभा आहे असे समजावे. या उंबरठ्यावरून आहार आणि व्यायाम यांच्या बळावर मागे फिरता येते, हे विशेष.

रक्तदाब मोजण्याचे काम वरवर पाहता सर्वांत सोपे, आणि म्हणूनच सर्वांत निष्काळजीपणे होणारे. जिना चढून धापा टाकीत आलेल्या माणसाच्या दंडाला लगेच पट्टा बांधला, तर येणारा आकडा जिन्याचा असतो. योग्य रीत अशी : लघवीला जाऊन यावे, अर्धा तास आधी कॉफी वा तंबाखू घेतलेली नसावी, पाठ टेकून आणि पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवावा आणि मोजणी चालू असताना बोलू नये. एकदा मोजून भागत नाही. थोड्या अंतराने पुन्हा मोजावे. रुग्णालयातील आकडा वारंवार १४० वर ९० किंवा त्याहून अधिक येऊ लागला, तर तो वाढलेला समजतात. डॉक्टरांचा पांढरा कोट पाहून ज्यांचा दाब चढतो, अशी माणसेही पुष्कळ असतात. त्यांनी घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून तो आकडा आणून दाखवावा.

इतर चाचण्यांविषयी थोडक्यात सांगतो. हिमोग्लोबिन पुरुषांत १३ च्या खाली आणि स्त्रियांत १२ च्या खाली गेले की पंडुरोग समजावा व त्याचे कारण शोधावे. क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिन यांवरून मूत्रपिंडाची प्रकृती कळते. मधुमेही आणि रक्तदाबाच्या लोकांना हे विशेष महत्त्वाचे. कोलेस्टेरॉलचा आकडा एकटा पाहू नये. वय, तंबाखू, रक्तदाब व साखर यांच्याबरोबर तो पाहावा लागतो. विश्रांतीच्या अवस्थेत काढलेला ईसीजी चांगला आला म्हणजे हृदयविकार होणारच नाही, असा दाखला मिळत नाही. कर्करोगाच्या ‘खुणा’ म्हणून ज्या रक्तचाचण्या सरसकट विकल्या जातात, त्यांतील बहुतेक आधीच रोग झालेल्यांच्या उपचारावर लक्ष ठेवण्यासाठी आहेत. निरोगी माणसात त्या उगाच भीती तरी घालतात किंवा खोटा दिलासा तरी देतात. काही तक्रार नसताना सबंध शरीराचे सीटी स्कॅन करून घेणे तर टाळावेच, कारण त्यात किरणोत्सर्गाचा भार पडतो तो वेगळाच.

यावर कोणी म्हणेल, “चार चाचण्या जास्त केल्याने बिघडले कुठे?” बिघडते ते असे. अहवालात प्रत्येक आकड्यापुढे एक कंस छापलेला असतो : अमुकपासून अमुकपर्यंत साधारण. हा कंस बहुधा अशा रीतीने ठरवितात की शंभर निरोगी माणसांपैकी पंचाण्णव जण त्याच्या आत बसावेत. याचा अर्थ, उरलेली पाच माणसे निरोगी असूनही कंसाबाहेर पडतात. एकच चाचणी केली तर ही चूक थोडी असते. परंतु एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर शंभर पूर्ण निरोगी माणसांपैकी सुमारे चौसष्ट जणांच्या अहवालात निदान एक तरी तारका उमटेल. हे साधे गणित आहे. माझ्या सहकाऱ्याच्या ऐंशी चाचण्यांत एकही तारका न येणे, हेच नवल म्हणावे लागेल. मग त्या एका तारकेसाठी दुसरी चाचणी, दुसरीसाठी तिसरी, असे शुक्लकाष्ठ मागे लागते.

यातून होणारी हानी दक्षिण कोरियाने मोठ्या प्रमाणावर अनुभविली. तिथे इतर तपासणीबरोबर मानेतील थायरॉइड ग्रंथीचेही ध्वनिलहरींनी परीक्षण करण्याची प्रथा पसरली. परिणामी १९९३ ते २०११ या काळात या ग्रंथीच्या कर्करोगाचे निदान पंधरापटीने वाढले. त्याने होणारे मृत्यू मात्र जवळजवळ तितकेच राहिले. जे कण जन्मभर उपद्रव देणार नव्हते, ते शोधून काढले गेले आणि हजारो माणसांनी त्यांपायी आपली ग्रंथी गमावली.

एवढेच नव्हे, तर सरसकट तपासणीने आयुष्य वाढते का, या प्रश्नाचे उत्तरही नम्र करणारे आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी अनेक देशांतील सतरा प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून २०१९ साली प्रसिद्ध केले. त्यांत अडीच लाखांहून अधिक माणसे होती. सर्वसाधारण तपासणीला बोलावलेल्या आणि न बोलावलेल्या लोकांच्या मृत्युप्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मामांना हे सांगितले असते, तर त्यांनी मला जिन्यावरूनच परत पाठविले असते. परंतु या निष्कर्षाचा अर्थ जपून लावला पाहिजे. ज्या देशांत हे प्रयोग झाले, तिथे बहुतेकांना ठरलेला कुटुंबवैद्य असतो आणि तो सर्दी-खोकल्याला आलेल्या माणसाचाही रक्तदाब मोजतो. न बोलावलेल्यांचीही तपासणी अशा रीतीने होतच होती. आपल्याकडे तशी स्थिती नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने याच चेन्नईतील मधुमेह संशोधन संस्थेने देशभर केलेली पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता, १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर होते आणि प्रौढांपैकी शेकडा ३५ हून अधिकांचा रक्तदाब वाढलेला होता. यांतील पुष्कळांच्या दंडाला पट्टा कधी लागलेलाच नसतो.

आणि थोड्या, पण निवडक चाचण्यांनी काय साधते, याचे दाखले आपल्या घरातलेच आहेत. तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा घ्या. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या व मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या सहभागाने तिथल्या खेड्यांतील ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा प्रयोग झाला. त्यांच्या गावांचे ५२ गट पाडले होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी केवळ एकदा झालेल्या स्त्रियांत आठ वर्षांच्या अवधीत त्या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले. हा निष्कर्ष २००९ साली जगापुढे आला. मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी स्त्रियांचे स्तन दर दोन वर्षांनी हाताने तपासले. त्या प्रयोगात पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. केरळात तंबाखू व मद्य घेणाऱ्यांची तोंडे नुसत्या उजेडात डोळ्यांनी तपासली, तेवढ्याने मुखाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यांच्यात एक-तृतीयांशाने घटले. तंबाखू चघळणाऱ्या आणि मिश्री लावणाऱ्या आपल्या लोकांनी हा दाखला विशेष ध्यानात ठेवावा. तिशीपुढील प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि हे तीन कर्करोग पाहावेत, असे देशाच्या सार्वजनिक आरोग्य कार्यक्रमातही ठरलेले आहे. हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात होते. त्यासाठी महागड्या रुग्णालयाची पायरी चढावी लागत नाही.

स्त्रियांचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या वस्तीत १८८५ साली स्थापन झालेले स्त्रियांचे इस्पितळ आहे. आज त्याला कस्तुरबा गांधींचे नाव असले तरी जुनी माणसे त्याला ‘गोशा हॉस्पिटल’च म्हणतात. परपुरुष वैद्यापुढे न जाणाऱ्या, पडद्यातील स्त्रियांसाठी ते निघाले आणि मेरी शार्लीब या स्त्री-वैद्याने त्यासाठी खटपट केली. तो पडदा आता गेला. परंतु स्वयंपाक, मुलांच्या परीक्षा, सासू-सासऱ्यांची औषधे यांचा दुसरा पडदा अजून तसाच आहे. माझी पत्नी त्या सकाळी केवळ माझ्या सोबतीला म्हणून निघाली होती. मीच आग्रहाने तिचेही नाव नोंदविले. तिचे हिमोग्लोबिन ९.६ निघाले. दुपारी येणाऱ्या थकव्याला ती वयाचा दोष समजत होती, आणि मीही कधी विचारपूस केली नव्हती.

तपासणीचा शेवटचा, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग म्हणजे डॉक्टरांशी होणारे बोलणे. अहवाल हातात घेऊन परस्पर घरी जाण्याचा मोह होतो, तो टाळावा. यंत्र आकडे सांगते, त्यांचा अर्थ सांगत नाही. आमच्या डॉक्टरीणबाईंनी झोप, व्यायाम, तंबाखू, मीठ यांविषयी विचारले आणि मग माझे वडील कशाने गेले, असा प्रश्न केला. मला पटकन बोलता येईना.

माझे वडील सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षक होते. सडपातळ, निर्व्यसनी, रोज चार मैल चालणारे. आयुष्यात कधी रजा घेतली नाही, याचा त्यांना अभिमान होता. १९९८ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात ते सकाळी अंगणात कोसळले. त्यांना तालुक्याच्या गावी नेले. तिथे त्यांचा रक्तदाब मोजला तेव्हा तो २२० वर १३० होता. माझ्या माहितीप्रमाणे, तो त्यांच्या आयुष्यात मोजलेला पहिलाच रक्तदाब. चौथ्या दिवशी ते गेले. गावात औषध मिळत नव्हते असे नाही, पैसे नव्हते असेही नाही. पाच मिनिटांचे ते काम कोणाला सुचले नाही, एवढेच.

हे सांगून झाल्यावर बाईंनी माझा आकडा मला दाखविला : १५६ वर ९८. दहा मिनिटांनी पुन्हा मोजला, १५० वर ९६. मग त्यांनी मी बरोबर नेलेले जुने अहवाल चाळले आणि दोन वर्षांपूर्वीच्या एका पानावर बोट ठेवले. तिथेही १४८ वर ९४ हा आकडा होता आणि त्यापुढे तारका होती. आमच्या नोकरीत चाळिशीनंतर दरवर्षी तपासणी करून घेण्याची शिस्त आहे. ती पाळून मी तो कागद घरी आणला होता, फाइलीला लावला होता आणि फाइल कपाटात ठेवून दिली होती. सरकारी माणसाला कागद फाइलीला लागला की काम झाल्यासारखे वाटते. माझ्या वडिलांना जे कळलेच नाही, ते मला कळूनही मी दोन वर्षे स्वस्थ बसलो होतो.

श्रोतेहो, त्या परदेशी प्रयोगांचा निष्कर्ष मला त्या खुर्चीत बसल्यावर खरा उमगला. तपासणीने कोणाचाही आजार बरा होत नाही. तिच्यामुळे एक बातमी मिळते. त्या बातमीचे पुढे काय करावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. म्हणून तपासणीनंतर घरी परतताना तीन प्रश्नांची उत्तरे घेतल्याखेरीज उठू नये. कोणत्या आकड्यांकडे लक्ष द्यावयाचे आणि कोणते सोडून द्यावयाचे? उद्यापासून नेमके काय बदलावयाचे? आणि पुन्हा केव्हा दाखवावयाचे? ही उत्तरे एका कागदावर लिहून घ्यावीत आणि तो कागद कपाटात न ठेवता डोळ्यांसमोर ठेवावा. आकडे चांगले आले, तर तेही जपून ठेवावेत. पुढल्या वर्षी तुलना करावयास ते उपयोगी पडतात. मात्र चांगल्या अहवालाला अभयपत्र समजू नये. मधल्या काळात छातीत दुखले, तोंडातली जखम भरेना, कुठे गाठ लागली वा अकारण वजन उतरू लागले, तर ‘आताच तर तपासणी झाली’ म्हणून थांबू नये.

आठवडाभर घरी मोजूनही माझा दाब सरासरी १४६ वर ९२ राहिला, म्हणून मला रोज एक गोळी सुरू झाली. दहीभाताबरोबरचे लोणचे आणि पापड सुटले. हे दुसरे पहिल्यापेक्षा जड गेले. संध्याकाळी मरीनाच्या वाळूकडेने आम्ही दोघे पाऊण तास चालतो. पत्नी लोहाच्या गोळ्या घेते. रक्त कमी होण्याचे कारणही सापडले आणि त्यावर उपचार चालू आहेत.

मामांचे मत काही आम्ही बदलू शकलो नाही. ते बदलले एका निळ्या पिशवीवाल्या तरुणीने. तमिळनाडूत ऑगस्ट २०२१ पासून ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’, म्हणजे लोकांना शोधीत जाणारे वैद्यक, या नावाची योजना चालू झाली. तिच्यातील आरोग्यसेविका घरोघरी जाऊन रक्तदाब व साखर पाहतात आणि औषधे पोचवितात. एके दिवशी ती मामांच्या ओट्यावर बसली आणि ‘बसलाच आहात तर हात द्या’ म्हणाली. आकडा १६८ निघाला. त्या दिवशी मामा फारसे बोलले नाहीत. आता दर रविवारी सकाळी मी जिना उतरू लागलो की ते कॉफीचा पेला खाली ठेवतात आणि विचारतात, “सार, प्रेशर एव्वळवु?” किती आहे, असा त्याचा अर्थ. मी माझा आकडा सांगतो, ते त्यांचा सांगतात, आणि मग आम्ही दोघे कॉफी घेतो.